मस्टरमीमांसा

विषय

नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षिकेने शाळा, व्यायाम, घर आणि चर्च ही चार प्रकरणे एका आठवड्यात कशी बसवावीत, हा प्रश्न किरकोळ आहे. किरकोळ प्रश्नांची अडचण अशी, की ते सुटले नाहीत तरी जगाचे काही बिघडत नाही; फक्त जिचा प्रश्न आहे तिचे रात्रीचे जेवण साडेदहाला होते. त्यामुळे विद्वानांनी या विषयाकडे ढुंकून पाहिलेले नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी हा प्रबंध.

पद्धत मीमांसकांची घेतली आहे. जैमिनींच्या परंपरेत वादाचा निकाल लावायचा तर विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय अशी पाच अंगे लागतात; पाचांचे मिळून एक अधिकरण होते. यज्ञाची साळ कांडायची की नखांनी सोलायची, यावर ज्या शास्त्राने गांभीर्याने डोके चालवले, त्याला आधी कणीक मळावी की आधी फिरून यावे हा प्रश्न हलका वाटायचे कारण नाही. ख्रिस्ती घरात जैमिनींचे काय काम, अशी शंका कोणी काढील. त्यावर उत्तर एवढेच, की आम्ही नगरचे. सरकारदरबारी आता अहिल्यानगर, पण बोलताना जीभ अजून नगरच म्हणते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला म्हणून अभंग टाकून दिला नाही. त्यांना अभंग चालला, तर आम्हाला अधिकरण चालायला हरकत नसावी.

नमुन्याचा आकार: एक. तोही प्रस्तुत लेखिकाच, कारण दुसऱ्या कोणाला प्रश्नावली भरायला वेळ नव्हता. नेमणूक जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत, शिक्षण सेवक म्हणून. मानधन महिना १६,००० रुपये. २०२३ पर्यंत ते ६,००० होते, त्यामुळे कुरकुरायला जागा ठेवलेली नाही. राहणे नगर शहरात, शाळा राहुरी तालुक्यातल्या एका वाडीवर, मधले अंतर रोज स्कुटीवर अप-डाउन. घरी नवरा, सासूबाई आणि दुसरीत शिकणारी कन्या. रविवारी उपासना, शनिवारी संध्याकाळी गायनाचा सराव, आठवड्यात महिला मंडळ आणि पाळी येईल तशी कोणाच्या तरी घरी कॉटेज प्रार्थना. व्यायाम डॉक्टरांनी सांगितलेला आहे. तो केला जातो असे या वाक्यात कुठेही म्हटलेले नाही.

इतिहास पाहिला तर हा प्रश्न नवा आहे. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला सुरू झाले. पुढे गावोगाव शाळा निघाल्या, तेव्हा मिशनचा मास्तर आठवडाभर ज्या खोलीत मुलांना बाराखडी शिकवी, रविवारी त्याच खोलीत प्रार्थना चालवी. घर शाळेला लागून. या गावाहून त्या गावाला जायचे ते पायी, म्हणजे व्यायामही उरकला. त्या मास्तरला चार प्रकरणांचा समतोल साधायला सांगितले असते तर त्याने विचारले असते, चार कुठली? पुढे प्रगती झाली आणि एका खोलीच्या चार खोल्या झाल्या. चारही खोल्यांना स्वतंत्र दार, स्वतंत्र वेळ आणि स्वतंत्र रागावणारी माणसे.

संशय

संशय असा: या चार प्रकरणांना वेळ पुरत नाही, की वेळ आहे पण तो भलत्याच्याच नावावर जमा होतो?

वेळ पुरत नाही, हे लोकमत. वेळ कमी पडला म्हणून दिवस वाढवून मिळाल्याच्या दोन नोंदी पवित्र शास्त्रात आहेत. एकदा यहोशवासाठी सूर्य आकाशात थांबला. ते लढाईचे काम होते. दुसऱ्यांदा हिज्कीया राजासाठी सावली दहा पायऱ्या मागे गेली. ते राजाच्या आजारपणाचे प्रकरण होते. दोन्ही वेळा लाभार्थी पुरुष, आणि दोघांच्याही मागे स्वयंपाकघर नव्हते. तिसऱ्यांदा तसे घडेल या भरवशावर उद्याच्या पाठाचे टाचण उद्यावर टाकू नये.

पूर्वपक्ष

पूर्वपक्ष नवऱ्याचा आहे. त्याने तो एक्सेलमध्ये मांडला.

आठवड्याचे तास १६८. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास द्यायचे, आणि त्यात पाठाची तयारी धरलेली आहे. म्हणजे टाचण लिहिणेसुद्धा त्यातच आले. ते वेगळे मोजून अश्रू ढाळता येणार नाहीत. उरले १२३. झोप रोज आठ तास धरली, तर ५६ गेले, उरले ६७. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. अडीच तास वजा करा, साडेचौसष्ट राहिले. चर्चचे सगळे मिळून सहा, राहिले साडेअठ्ठावन्न. अप-डाउनचे बारा, राहिले साडेसेहेचाळीस. स्वयंपाक-धुणीभांडी रोजचे तीन, म्हणजे एकवीस. शिल्लक साडेपंचवीस तास.

"म्हणजे रोजचे साडेतीन तास तुझ्याकडे मोकळे आहेत," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी चष्मा लावून आकडे पाहिले. "बेरीज बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण हे साडेतीन तास घरात कुठे ठेवलेत, ते विचार त्याला."

या एका वाक्यात पूर्वपक्षाचे खंडन झालेले आहे. पण शास्त्रात विस्तार लागतो.

पूर्वपक्षाचा दोष गणितात नाही. तास खरोखरच आहेत. एखाद्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला घरी येऊन पलंगावर बसले, की तो अर्धा तास समोर उभा असतो. नेमक्या त्याच वेळी मोबाइलवर केंद्रप्रमुखांचा निरोप येतो, की अमुक माहिती आत्ताच्या आत्ता, विहित नमुन्यात पाठवावी. मागाहून महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा फोन, की शुक्रवारचे वचन तुम्हीच सांगायचे आहे. तोपर्यंत कुकरची शिट्टी. बुटांचा जोड मात्र दाराआड गप्प उभा. त्याने आजवर कोणालाही निरोप पाठवलेला नाही.

इथेच उत्तरपक्षाची किल्ली सापडते.

उत्तरपक्ष

उत्तरपक्षाचे म्हणणे थोडक्यात असे: वेळेची वाटणी गरजेप्रमाणे होत नाही, प्रेमाप्रमाणे होत नाही, नियोजनाप्रमाणे तर मुळीच होत नाही. ती हजेरीप्रमाणे होते. ज्याचे मस्टर, त्याचा वेळ.

मस्टरांचे प्रकार तीन आणि एक अभाव.

पहिले लेखी मस्टर. हे शाळेत असते. आमच्या शाळेत त्यावर नावे दोनच, मुख्याध्यापकांचे आणि माझे. तरी मस्टर पूर्ण लांबीरुंदीचे आहे आणि मुख्याध्यापक ते कपाटात कुलूपबंद ठेवतात. उशीर झाला, की तांबड्या शाईचा ठिपका पडतो, आणि तीन ठिपक्यांना एक किरकोळ रजा जाते असा धाक आहे. मस्टराशिवाय मुलांची हजेरी वेगळी, पोषण आहाराची नोंद वेगळी, ऑनलाइन भरायची ती वेगळी. शिवाय हालचाल रजिस्टर नावाची एक वही असते. शाळेच्या वेळेत शिक्षक केंद्रशाळेत किंवा बँकेत गेला, तर किती वाजता निघाला, कशासाठी निघाला आणि किती वाजता परत आला, हे त्यात लिहून सही करायची. शिक्षकाच्या हालचालीची सरकारला इतकी काळजी आहे, हे पाहून डोळे भरून येतात. डॉक्टरांनाही मी हीच वही दाखवायचे ठरवले आहे.

दुसरे बोलके मस्टर. हे चर्चला असते आणि ते डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर बसते. त्या मावशींचे वय पंच्याहत्तरच्या पुढे. उपासना संपून आशीर्वाद झाला, की फाटकाशी त्यांची गाठ पडणे चुकत नाही.

"सलाम, मावशी."

"सलाम. गेल्या रविवारी दिसली नाहीस?"

"ट्रेनिंग होतं, मावशी. निवडणुकीचं."

"आणि त्याच्या आधीच्या रविवारी सूचना चालू असताना उठून गेलीस."

कोणत्याही बायोमेट्रिक यंत्राला हे साधलेले नाही. यंत्र फार तर आलात की नाही ते सांगेल. मावशी कधी आलात, कुठे बसलात, कोणती साडी होती आणि अर्पणाच्या वेळी पर्स उघडायला किती वेळ लागला, तेही सांगतात.

शिवाय शिक्षिका झाल्यामुळे चर्चमध्ये लेखिकेचे पद वाढले. नेमणुकीची पेढ्यांची पेटी घेऊन पाळकसाहेबांकडे गेले, त्यांनी आनंदाने प्रार्थना केली, आणि आमेनला जोडूनच म्हणाले, "आता संडे स्कूलची काळजी मिटली." संडे स्कूलची चळवळ १७८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांच्यामुळे उभी राहिली, कारण तिथली गरीब मुले आठवड्याचे सहा दिवस कामावर जात आणि शिकायला रविवारच उरे. आमच्याकडे मुले सहा दिवस शाळेत जातात आणि रविवारी पुन्हा शाळेत येतात. बदल एवढाच, की बाई तीच असते. सृष्टी उत्पन्न करून देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, असे मी त्यांना शिकवते. मुले विचारतात, मग तुम्ही? त्या प्रश्नाच्या वेळी मी नेहमी चित्रे रंगवायला देते.

रविवारच्या सुट्टीचे पुरावे तसे भरपूर आहेत. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली रविवार विसाव्याचा दिवस ठरवला. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला आणि त्यासाठी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. सम्राटाने हुकूम काढला, लोखंड्यांनी लढा दिला. नव्या शिक्षिकेसाठी दोघांपैकी एकाने परत यावे. कोणीही चालेल.

तिसरे मूक मस्टर. हे घरी असते. त्यात सही नसते, प्रश्न नसतो, खुणा असतात. ओट्यावर ताट झाकलेले असते. टीव्हीचा आवाज जरा मोठा असतो. सासूबाई "जेवून घे" म्हणायच्या ऐवजी "जेवण आहे" म्हणतात. या मस्टराची एकच लेखी नोंद आम्हाला उपलब्ध झाली, ती अशी: मी मुलांच्या वह्या तपासत बसले होते. एका वहीत गृहपाठ अर्धवट होता, म्हणून तांबड्या पेनाने शेरा मारला, "पालकांनी लक्ष द्यावे." तेवढ्यात कन्येने तिची शाळेची दैनंदिनी सहीसाठी पुढे सरकवली. पान उघडले. तिच्या बाईंचा शेरा, तांबड्याच शाईत, तिरप्या अक्षरात: "पालकांनी लक्ष द्यावे." दोन्ही शेरे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. माझे अक्षर जास्त वळणदार आहे. बाकी फरक आढळला नाही.

आता चौथा प्रकार, म्हणजे अभाव. ज्यांना मस्टरच नाही असे तीन: शरीर, झोप आणि एकांतातली प्रार्थना. चर्चची प्रार्थना चुकली तर मावशी आहेत. उशाशी करायची प्रार्थना चुकली तर ज्याच्याशी बोलायचे होते तो काही बोलत नाही. शरीरही तसेच. ते महिनोन्‌महिने गैरहजेरी सोसते आणि एखाद्या दिवशी फळ्यावर तारीख लिहिताना खांद्यात कळ काढून एकदमच पत्र पाठवते. म्हणून चार प्रकरणांत व्यायाम सगळ्यांत आधी बळी जातो. त्याचे कारण आळस नव्हे. कारण प्रशासकीय आहे.

यावरून आम्ही दुसरा नियम काढतो: रजिस्टरची जाडी आणि नात्याची जवळीक यांचे प्रमाण व्यस्त असते. सगळ्यांत जाड वह्या शाळेत, आणि शाळेला माझे नाव कळून अजून पुरते वर्षही झाले नाही. चर्चला वहीची गरज नाही, कारण मावशी मला पाळण्यातली ओळखतात. घराला बोलण्याचीही गरज पडत नाही. आणि शरीराहून जवळचे तर कोणीच नाही. जो जितका जवळचा, तो तितका गप्प. जो जितका गप्प, त्याच्याकडे आपण तितके गैरहजर.

या नियमाला पवित्र शास्त्राचा आधार आहे. निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसतो. त्याचा सासरा इथ्रो येतो, ते दृश्य पाहतो आणि म्हणतो, अशाने तू थकून जाशील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम आणि कामे वाटून दे. व्यवस्थापनाच्या वर्गांत हा उतारा फार आवडीने सांगतात. पण इथ्रो मुळात आला होता कशासाठी? मोशेने बायको सिप्पोरा आणि दोन मुलगे माहेरी पाठवले होते, ते परत आणून सोडायला. मोशे तंबूबाहेर आला, सासऱ्याला नमन केले, त्याचा मुका घेतला, खुशाली विचारली, आत नेऊन देवाने काय काय केले ते सांगितले. बायकोला तो काय म्हणाला, याबद्दल एक शब्द नाही. सासऱ्याने वेळापत्रक दुरुस्त करून दिले. सिप्पोरेने कुठल्या वहीत सही केली असेल, हे शास्त्राने विचारलेले नाही.

व्यायामाचे पुरावेही मिळतात, पण त्यांवर भिस्त ठेवू नये. एलीया कर्मेल डोंगरावरून अहाबाच्या रथापुढे धावत थेट इज्रेलपर्यंत गेला. मजल चांगली लांबची. पण पुढच्याच अध्यायात तो एका झुडपाखाली आडवा पडून मरण मागतो, आणि देवदूताला दोनदा उठवून त्याला भाकर खायला घालावी लागते. नवी नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात धावायला जाणाऱ्यांनी दोन्ही अध्याय वाचावेत. शर्यतीचा निकाल म्हणाल तर योहानाच्या शुभवर्तमानात आहे: पेत्र आणि दुसरा शिष्य कबरेकडे धावले, आणि दुसरा शिष्य पुढे गेला. हा दुसरा शिष्य म्हणजे योहान स्वतःच, अशी परंपरा आहे. म्हणजे बक्षीस वाटपाचा अहवाल विजेत्यानेच लिहिला. पौलाने तर तीमथ्याला स्पष्टच कळवले, की शारीरिक कसरतीचा उपयोग थोडा आहे. थोडा आहे, नाही असे नव्हे. पण आमच्या घरी हे वचन सोयीपुरते अर्धेच पाठ आहे.

झोपेचा दाखला सगळ्यांत बोलका. त्रोवस गावी पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, खिडकीत बसलेल्या युतुखाला डुलकी लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली जाऊन त्याला जिवंत उठवले, वर येऊन भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलत बसला. आमच्या उपासनेत शिक्षकवर्ग खिडकीपासून दूर बसतो. तेवढा धडा आम्ही घेतलेला आहे.

आक्षेप आणि परिहार

आक्षेप असा निघेल: मस्टर नाही म्हणून शरीर उपाशी राहते, तर शरीराला मस्टर द्या. तसे प्रयोग झाले आहेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुले नमस्कार घालत, कारण ते वेळापत्रकात होते आणि राजा स्वतः घाली. व्यायामाला राजाश्रय मिळाल्याचे इतके चांगले उदाहरण दुसरे नाही. पण प्रत्येक शिक्षिकेच्या वाट्याला संस्थान येत नाही.

दुसरा प्रयोग घड्याळाचा. १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले आणि त्याबरोबर दिवसाला दहा हजार पावलांचा आकडा रूढ झाला. जाहिरातीतला आकडा पुढे डॉक्टरांच्या तोंडी आला. नवऱ्याने वाढदिवसाला मला तसले मनगटी घड्याळ दिले. पहिल्या आठवड्यात आकडे उत्साहवर्धक निघाले, कारण वाडीच्या रस्त्यावरचे खड्डे स्कुटीवर बसल्या बसल्या हाताला हिसके देत होते आणि घड्याळ त्यांची पावले करत होते. एका रविवारी मी दुपारी झोपले होते. उठून पाहते तो सहा हजार पावले जादा. कन्या घड्याळ बांधून कॅरलच्या नाचाचा सराव करत होती. शिक्षकी पेशात याला प्रॉक्सी म्हणतात आणि मुलांना त्याबद्दल अंगठे धरून उभे करतात. निष्कर्ष: यंत्राचे मस्टर लाच खाते.

तिसरा प्रयोग बोलक्या मस्टराचा. पाळकसाहेबांच्या मिसेस पहाटे वाडिया पार्कात फिरायला जातात. त्यांच्याबरोबर जायचे ठरवले, म्हणजे न जाण्याची सोय उरली नाही; त्या फाटकावर थांबायच्या आणि फोन करायच्या. शरीर हजर राहू लागले. मात्र चालणे फार टिकले नाही. अर्धी फेरी झाली, की एखादी प्रार्थना-विनंती निघायची. कोणाचे पथ्य, कोणाचा गुडघा, कोणाच्या मुलीचे जमत आलेले आणि अडलेले लग्न. ज्या विषयात हळहळायचे असते तो चालता चालता बोलता येत नाही. माणूस आपोआप थांबतो. पुढे पुढे आम्ही निघाल्या जागीच उभ्या राहू लागलो. महिन्याच्या शेवटी वजन तेवढेच राहिले, मंडळीची माहिती मात्र खूप वाढली.

म्हणजे शरीराला मस्टर जोडले, की ते मस्टर शरीराला सोडून दुसऱ्याच कोणाची हजेरी घेऊ लागते. आक्षेपाचा परिहार झाला.

निर्णय

निर्णयापूर्वी मोजण्याबद्दल शास्त्राचे मत पाहू. गणना या ग्रंथात मोशेने वीस वर्षांवरच्या, लढाईला लायक पुरुषांची गणती केली. ती ६,०३,५५० भरली. त्यात लेवी वंश धरला नाही, कारण त्यांच्याकडे निवासमंडपाची सेवा होती. मंदिरसेवेमुळे गणतीतून सूट मिळण्याचा हा दाखला मी मुख्याध्यापकांना दाखवला; त्यांनी तो विहित नमुन्यात मागितला. पुढे दाविदानेही गणती केली, तेव्हा देवाचा कोप झाला आणि देशात मरी आली. मोजणे तेच, फळ वेगळे. का, हे जनगणनेच्या कामावर जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने विचारावे; शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकाला अशैक्षणिक कामातून मोकळे केले आहे, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती एवढे वगळून.

उत्तर लूकच्या पंधराव्या अध्यायात आहे, आणि ते मला आमच्या वाडीवर कळले. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की राहुरीच्या उसाच्या पट्ट्यात बाहेरून ऊसतोड टोळ्या येतात आणि शेताच्या कडेला कोप्या पडतात. अशाच एका टोळीतली एक मुलगी दुसरीत दाखल झाली होती. ती दोन दिवस आली, तिसऱ्या दिवसापासून नाही. हजेरीत तिच्या नावापुढे "गै" लिहिले असते, तरी मस्टराचे काम संपले असते. मधल्या सुट्टीत मुले खिचडी खात असताना मी हालचाल रजिस्टरमध्ये सही केली आणि बांधावरून कोप्यांकडे निघाले. चालायला बराच वेळ लागला; चिपाडे तुडवत, पाटाचे पाणी ओलांडत. पोरगी कोपीच्या दाराशी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. आई-बाप फडात. "भाऊ कोण सांभाळील, बाई?" ती म्हणाली. भावासकट तिला शाळेत आणले. तो परिपाठाच्या सतरंजीवर झोपला. तिने वाचनाचा धडा पुरा केला.

संध्याकाळी घरी परत येताना लक्षात आले, की व्यायाम झाला, शाळा झाली, एका घरातली अडचण निभावली आणि नव्व्याण्णव मेंढरे मागे ठेवून एकाला शोधायला जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट, जी मी संडे स्कूलला चित्रे रंगवायला देऊन शिकवते, ती पायांना कळली. मनगटातले घड्याळ त्या दिवशी घरी राहिले होते. मेंढपाळही शंभर मोजतो. पण आलेल्यांच्या सह्या घेण्यासाठी नव्हे, नसलेल्याला हुडकण्यासाठी. दाविदाच्या गणतीत आणि त्याच्या गणतीत फरक एवढाच.

म्हणून निर्णय. समतोल नावाची वस्तू या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. ती शोधण्यात वेळ दवडू नये. चार प्रकरणांना सारखा वेळ मिळत नसतो आणि मिळायचे कारणही नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दहा मिनिटे बसावे आणि हजेरी उलट घ्यावी. कोणी बोलावले, कोणी शेरा मारला, कोणी फोन केला, त्यांची नावे गाळावीत. ते आपले आपण मिळवून घेतात. जे या आठवड्यात एकदाही काही म्हणाले नाहीत, त्यांची नावे मोठ्याने वाचावीत: झोप, गुडघा, नवरा, कन्येची दैनंदिनी, उशाशी करायची प्रार्थना, सासूबाई. ज्याचे नाव वाचताना घशात अडकेल, त्याला पुढच्या आठवड्याचा पहिला मोकळा तास द्यावा, मग तो पूर्वपक्षातल्या साडेपंचवीस तासांपैकी असो वा नसो. एका आठवड्यात एकच नाव. दोन घेतली, की त्यांची समिती होते.

सासूबाईंनी हा निर्णय ऐकून घेतला आणि मान्य केला, फक्त यादीत आपले नाव गुडघ्याच्या खाली का, एवढेच विचारले. नवऱ्याने एक्सेलमध्ये नवा रकाना घातला. पाळकसाहेब म्हणाले, याच विषयावर महिला मंडळात वचन सांगा. शुक्रवार मोकळा आहे.

हा निर्णय शिक्षण सेवकाच्या तीन वर्षांच्या कालावधीपुरता लागू राहील. त्यानंतर नोकरी कायम होते. गोंधळ रुजू झाल्या दिवसापासूनच कायम असतो.